एक कान तिचा, एक माझा

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सात दिवस मला मान खाली घालून काढायचे होते. झोपायचं ते पालथं, बसायचं ते कपाळ टेकवून, चालायचं ते स्वतःच्या पावलांकडे बघत. डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. ते बुजावं म्हणून आत गॅसचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा नेहमी वर चढतो, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळा उपचार उभा होता. चेहरा जमिनीकडे ठेवला की डोळ्याची मागची बाजू वर येते, बुडबुडा तिथे जाऊन टेकतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो. मान उचलली की तो सरकणार. हे एकदा कळल्यावर मान उचलायची माझी हिंमतच झाली नाही.

मधे भोक असलेल्या गोल उशीत तोंड घालून पडलं की चांगल्या डोळ्याला फरशीचा एक तुकडा दिसायचा. त्यावर एक बारीक तडा होता. पहिल्या दिवशी तो तडा मी इतका पाहिला की आजही कागदावर हुबेहूब काढून दाखवीन. वाचता येत नव्हतं, टीव्ही नाही, मोबाइल नाही. उरले कान.

ताई माझ्या सोबतीला येऊन राहिली होती. पहिल्या संध्याकाळी तिने फोन उशाशी ठेवला आणि विचारलं, "काय लावू? गाणी लावू का?"

"गाणी नको. गोष्ट लाव. लांब असलेली."

तिने चाळत चाळत एक रहस्यकथा लावली. लगेच म्हणाली, "अगं, ही भुताची निघाली. बदलू?"

मी राहू दे म्हटलं. लहानपणापासून मी भयकथा वाचत आले होते. तशी घाबरणारी नव्हते, निदान स्वतःबद्दल माझा तसा समज होता. पण वाचताना पुस्तक माझ्या हातात असायचं. पान मी उलटायचे. नको झालं की पुस्तक पालथं घालून उठायचे. इथे मीच पालथी पडले होते आणि गोष्ट तिच्या वेगाने चालली होती. शिवाय एक गोष्ट होती जी मी आधी कधी ध्यानातच घेतली नव्हती. अख्खी खोली माझ्या पाठीमागे होती. दार, खिडकी, कपाट, ताईची खुर्ची, सगळं पाठीमागे. फोनमधल्या गोष्टीत दार वाजलं, तेव्हा ते माझ्या मागेच वाजलं.

दुसऱ्या रात्री घर झोपल्यावर ऐकायचं ठरलं, म्हणून इअरफोन काढले. वायरचे, साधे. वायर आखूड. ताई पलंगाला टेकून जमिनीवर बसली आणि तिने डोकं गादीच्या कडेला लावलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. डावा माझा, उजवा तिचा.

गोष्ट साधीच होती. एक बाई रिकामं घर बघायला येते. खोल्या मोजते, आकडे मोठ्याने म्हणते आणि फोनवर रेकॉर्ड करत जाते. आपण ऐकतो ते तिचं रेकॉर्डिंग. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतं. ती थांबते, पावलं थांबतात. ती पुन्हा आकडा म्हणते, पावलं पुन्हा सुरू. माझ्या कानात ती पावलं अगदी स्पष्ट होती. मग ती हळूहळू लांब गेली आणि विरली. माझ्या कानात राहिला फक्त त्या बाईचा श्वास. मला वाटलं, गेलं ते, सुटली.

तेवढ्यात ताईने माझा दंड पकडला. नखं रुतली.

"काय झालं?"

"श्श. आली."

"कोण आली?"

"तुला नाही ऐकू आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पावलं डावीकडून उजवीकडे गेली होती, म्हणजे माझ्या कानातून निघून तिच्या कानात. आणि तिथे कोणीतरी कुजबुजलं होतं. मला मान वळवता येत नव्हती, ताईचा चेहरा दिसत नव्हता. माझ्याकडे होता एक श्वास आणि पाच नखं. त्या क्षणी माझ्या काळजात जे धस्स झालं तसं त्यानंतर कुठल्याच गोष्टीने झालं नाही. पुढे बरी झाल्यावर तोच भाग मी दोन्ही कानांनी ऐकला. ती कुजबुज ठीक होती. तिने माझ्या अंगावर साधा काटाही आला नाही.

भयकथा ऐकण्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात. ऐकताना चित्र आपण रंगवतो आणि आपल्या मनातलं भूत कुठल्याही पडद्यावरच्या भुतापेक्षा भयंकर असतं, अशी. मीही हे अनेकदा बोलले आहे. पण त्या सात दिवसांत मी स्वतःवर नीट लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की मी चित्र रंगवतच नव्हते. कुजबुजणारी कशी दिसते, केस मोकळे आहेत का, पाय उलटे आहेत का, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. माझं सगळं ध्यान एकाच गोष्टीत होतं. ती कुठे आहे? किती लांब? आणि तिला मी इथे आहे हे ठाऊक आहे का?

आपल्याकडे यासाठी 'चाहूल' हा फार नेमका शब्द आहे. चाहूल दिसत नाही आणि ती पुरता आवाजही नसते. कोणी येतंय एवढंच ती सांगते, कोण ते सांगत नाही. आणि चाहूल 'लागते'. आपण ती घेत नाही, ती येऊन लागते. आपण घेतो तो कानोसा. चांगली श्रुतिका या दोन शब्दांच्या मधे घडते असं मला वाटतं. तिकडून चाहूल लागते, इकडून आपण कानोसा घेतो, आणि मधल्या जागेत काय आहे ते कोणीच सांगत नाही.

कानाला पापणी नाही. झोपेतही तो चालूच असतो, म्हणून तर हाक मारली की जाग येते. डोळा समोरच्याचा हिशोब ठेवतो आणि पाठीमागचं सगळं कानावर सोपवलेलं असतं. हे काम तो कसं करतो ते मला नंतर वाचून कळलं आणि कळल्यावर भीती थोडी वाढलीच. डावीकडून आवाज आला की तो डाव्या कानात आधी आणि उजव्या कानात जरा नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका. एवढ्याशा अंतरावरून मेंदू दिशा ओळखतो. पण आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर पाठीमागून आला, तर तो दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. तिथे मग कानाच्या पाळीचे खोलगट-उंचवटे आवाजात जो बारीक बदल करतात तेवढ्यावर अंदाज बांधावा लागतो. तरीही गफलत होतेच. म्हणून आपण नकळत मान वळवतो. मान जराशी वळली की दोन कानांतला फरक बदलतो आणि आवाज समोर होता की मागे ते कळतं.

हेडफोन लावल्यावर ही सोय जाते. मान वळवली तर ऐकू येणारं सगळं जग मानेबरोबर वळतं. पाठीमागचा माणूस पाठीमागेच राहतो.

हे ओळखून रेकॉर्डिंग करणारे लोक आहेत. माणसाच्या डोक्याचा पुतळा करतात, त्याच्या दोन्ही कानांत माइक बसवतात आणि नट त्या डोक्याभोवती फिरून बोलतात. जर्मनीत १९७३ साली असं डोकं वापरून केलेलं नभोनाट्य प्रसारित झालं. दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज ही कल्पना तर त्याहून किती तरी जुनी. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात लोक दोन कानांना दोन टेलिफोन लावून दूरच्या ऑपेराचं गाणं ऐकत उभे राहिले होते, आणि गायिका रंगमंचावर कुठून कुठे सरकली ते त्यांना कळत होतं. रेडिओ यायला अजून बराच अवकाश होता. ताईने आणि मी अशी दोन कानांची गोष्ट मधोमध कापून घेतली होती. म्हणजे तंत्राची पुरती वाट लावली होती. पण ती कापल्यामुळेच मला एक गोष्ट कळली, जी दोन्ही कान भरलेले असताना कळली नसती. ऐकताना आपण गोष्टीच्या बाहेर बसलेलो नसतो. आपल्यासाठी तिथे एक जागा ठेवलेली असते, आणि भीती त्या जागेत असते.

केवळ रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात ते बीबीसीवरून १५ जानेवारी १९२४ ला झालं. रिचर्ड ह्यूज या तेवीस वर्षांच्या लेखकाने ते लिहिलं होतं. नाव 'अ कॉमेडी ऑफ डेंजर'. कोळशाच्या खाणीत तीन माणसं बघायला उतरतात, एक तरुण जोडी आणि एक म्हातारा. सुरुवातीलाच दिवे जातात. पुढचं सगळं अंधारात घडतं, खाणीत पाणी भरत जातं. मला यात विलक्षण वाटतं ते हे की त्या तिघांनाही काही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. दोघंही सारखेच अडकलेले. रेडिओला चित्र नाही ही अडचण म्हणून त्याने पाहिलीच नाही. त्याने सगळ्यांनाच अंधारात नेलं आणि ऐकणाऱ्याला चौथा माणूस करून टाकलं. पहिल्याच प्रयत्नात इतकं अचूक सुचावं याचं मला अजून नवल वाटतं.

टेलिफोनची गोष्टही तशीच. अमेरिकेत 'सस्पेन्स' नावाची मालिका १९४२ पासून वीस वर्षं चालली. तिच्यात २५ मे १९४३ ला ल्युसिल फ्लेचर यांनी लिहिलेली श्रुतिका झाली, 'सॉरी, राँग नंबर'. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याला फोन लावते. लाइन भलत्याच दोघांच्या बोलण्यात अडकते आणि त्या रात्री एका बाईचा खून करायचा बेत तिच्या कानावर पडतो. मग ती ऑपरेटरला, पोलिसांना फोन करत सुटते. कोणी नीट ऐकून घेत नाही. अ‍ॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीने जवळजवळ एकटीच्या आवाजावर अर्धा तास ओढून नेला. पुढे हीच भूमिका त्यांनी त्याच मालिकेत पुनःपुन्हा केली, शेवटची १९६० मध्ये.

मी ती ऐकली चौथ्या दिवशी दुपारी, स्वतः अंथरुणाला खिळलेली असताना. त्या बाईचं सगळं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी. आणि मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. पडद्यावर खून बघताना आपण प्रेक्षक असतो. फोनच्या तारेवर तो ऐकताना आपण साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला आपण काहीच केलं नाही याचा सल असतो. गोष्ट संपल्यावर ताई म्हणाली, "मला ना, मधे बोलावंसं वाटत होतं. बाई, शेजारणीला हाक मारा असं." तिच्या आवाजात खरोखरचा त्रागा होता.

मोठ्याने गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. समोरचा अधूनमधून 'हं' म्हणाला की सांगणारा पुढे जातो. हुंकार बंद झाला की तो विचारतो, झोपलीस का? रेकॉर्ड केलेल्या गोष्टीला आपला हुंकार पोचत नाही. म्हणून कोणी लेखक तो हुंकार गोष्टीत धरूनच चालला, की अंगावर काटा येतो. अमेरिकन रेडिओसाठी लिहिणारे विलिस कूपर हे असे लेखक. १९३४ मध्ये 'लाइट्स आउट' ही मध्यरात्रीची मालिका त्यांनी सुरू केली. दिवे मालवा, असं ऐकणाऱ्यांना सांगूनच ती सुरू व्हायची. पुढे १९४७ ते १९४९ 'क्वायट, प्लीज' ही त्यांची दुसरी मालिका चालली, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा कितीतरी सरस. सुरुवातीला निवेदक शांत राहायला सांगतो, आणि मग खरोखरच शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे काय ते आज जाणवणार नाही. तेव्हा लोकांनी सेट बिघडला की काय म्हणून वाकून पाहिलं असेल.

तिच्यातली ९ ऑगस्ट १९४८ ची कथा आहे 'द थिंग ऑन द फोरबल बोर्ड'. फोरबल बोर्ड म्हणजे तेलविहिरीच्या मनोऱ्यावरचा उंच माचा. तेलविहिरीवर काम केलेला एक माणूस घरी आलेल्या पाहुण्याला जुनी हकिगत सांगतो. पाहुणा म्हणजे आपण. तो आपल्याला बसायला सांगतो, बायको आत आहे म्हणतो. आपण काही विचारलं असं धरून तो उत्तर देतो. जमिनीच्या खोल पोटातून वर आलेलं काहीतरी त्या विहिरीवर होतं, दिसत नव्हतं, आणि लहान मुलासारखं रडत होतं. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तो आपल्याला कशासाठी बसवून घेतो हे शेवटच्या मिनिटाला कळतं, आणि तोवर आपण पंचवीस मिनिटं मुकाट्याने 'हं, हं' म्हणत बसलेलो असतो. ते लेकरासारखं रडणं ऐकताना ताईने इअरफोन काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. मी विचारलं, "बंद करू?" तर म्हणाली, "नको गं, पुढे काय होतं ते तू मला सांग." पाच मिनिटं मी ऐकून तिला सांगत गेले. त्या पाच मिनिटांत मी पहिल्यांदाच सांगणारी झाले, आणि मला जाणवलं की सांगताना भीती वाटत नाही. भीती ऐकणाऱ्याकडे जाते.

या विषयावर बोलताना ३० ऑक्टोबर १९३८ च्या ऑर्सन वेल्स या अमेरिकन नट-दिग्दर्शकाच्या रेडिओ कार्यक्रमाचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. मंगळावरच्या प्राण्यांच्या हल्ल्याची ती बातम्यांसारखी रचलेली श्रुतिका. सगळी अमेरिका रस्त्यावर धावत सुटली ही कहाणी नंतरच्या अभ्यासकांनी बरीच खोडून काढली आहे. काही लोक खरोखर घाबरले होते, पण त्या वेळी कार्यक्रम ऐकणारे मुळात थोडे होते आणि गदारोळ मोठा केला तो वृत्तपत्रांनी. मला त्या कहाणीत फारसा रस नाही. त्या कार्यक्रमातल्या दोन जागांमध्ये आहे. एका जागी वार्ताहर बोलता बोलता वाक्याच्या मधेच तुटतो आणि पुढे काहीच येत नाही. नुसती शांतता, असह्य होईपर्यंत ताणलेली. दुसरी जागा त्यानंतरची. शहर पडलं आहे आणि एक रेडिओ ऑपरेटर हवेत हाका मारतोय, आहे का कोणी तिथे? कोणीच आहे का? दोन्हीकडे किंचाळी नाही, राक्षस नाही. एकीकडे सांगणारा गेला आहे आणि दुसरीकडे ऐकणारा कोणी उरला आहे का याची खात्री नाही. आवाजाच्या जगात मरण म्हणजे हेच, हुंकार थांबणं.

हल्ली ऐकायला मिळणाऱ्या कथांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. सांगणाऱ्यांना शांततेची भीती वाटते. पहिल्या वाक्यापासून खाली घुमणारं संगीत, दर दोन मिनिटांनी किंकाळी, निवेदकाचा आवाज मुद्दाम घोगरा केलेला. किंकाळी काम करते, नक्की करते. तिच्या कामाचं कारणही संशोधकांनी दाखवलं आहे. किंकाळीत आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा खाली-वर होतो, साध्या बोलण्यात तो इतक्या झपाट्याने होत नाही, आणि हा खरखरीतपणा मेंदूतल्या भीतीच्या जागेला सरळ जाऊन भिडतो. धोक्याच्या भोंग्यातही तोच असतो. म्हणजे किंकाळीने आपण दचकतो ते गोष्टीमुळे नाही. भोंगा वाजवला तरी दचकलोच असतो. भीती ही आपण दिलेल्या ध्यानाची परतफेड असावी. ध्यान द्यायला उसंतच दिली नाही तर परत काय मिळणार?

चांगला निवेदक साधं बोलतो. माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं की बऱ्याच माइकमध्ये आवाजाचा खर्ज वाढतो, म्हणून हळू बोललेलंही भरीव आणि निकट लागतं. आईने रात्री कानाशी सांगितल्यासारखं. तो विश्वासाचा आवाज आहे. त्या आवाजात कोणी साधेपणाने म्हणालं की काल रात्री माझ्या खोलीत मी एकटा नव्हतो, तर बाकी काही लागत नाही.

ध्वनी करणाऱ्यांबद्दल मात्र मला निखळ आदर आहे. 'लाइट्स आउट'च्या पुढच्या काळात आर्च ओबोलर यांनी माणूस आतून बाहेर उलटतो असा प्रसंग लिहिला. त्याचा आवाज कसा असतो हे जगात कोणालाच माहीत नाही. त्यांनी ओला रबरी हातमोजा उलटा केला आणि त्याच वेळी फळांची टोपली चिरडली. हे मी ताईला वाचायला लावलं. ती मुकाट्याने उठून गेली. थोड्या वेळाने माझ्या कानापाशी आली आणि म्हणाली, "डोळे मीट." भांडी घासायचा रबरी हातमोजा तिने पाण्यात बुडवून आणला होता. तो हळूहळू उलटा होताना जो चिकट, ओढल्यासारखा आवाज आला, आणि शेवटी बोट सुटताना जो एक 'पच्' झाला, तो ऐकून माझे खांदे आपोआप आवळले. तो हातमोजा आहे हे मला माहीत होतं. ताईच्या हातात आहे हेही माहीत होतं. कानाला ते सांगून काही उपयोग नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट आम्ही दोघींनी बोलायची टाळली होती. छिद्र बुजलं की नाही ते त्या आठवड्यात कोणालाच सांगता येणार नव्हतं. बुडबुडा विरायला काही आठवडे लागतात, तोवर त्या डोळ्यापुढे नुसती डुचमळणारी काळी कड. बुजलं नाही तर काय, हा प्रश्न माझ्या मनात दिवसरात्र होता आणि ताईच्याही असणार. मी तिच्यासाठी धीराची होते, ती माझ्यासाठी. कोणी म्हणेल की आधीच घाबरलेल्या माणसाने भुताच्या गोष्टी कशाला ऐकायच्या. मला वाटतं त्यांच्याशिवाय तो आठवडा मला निघालाच नसता. त्या गोष्टींमध्ये आम्हाला उघड घाबरता येत होतं. एकमेकींचा हात घट्ट धरायला निमित्त मिळत होतं. दुसऱ्या रात्री तिने दंड धरला तो कुजबुजीमुळे. सहाव्या रात्री कथेत बोटीवरचा दिवा विझला आणि तिने माझा हात धरला, तेव्हा कथा संपून बराच वेळ झाला तरी सोडला नाही. इअरफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, संपली गं गोष्ट." ती म्हणाली, "हं."

पॉडकास्टच्या काळात 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज' नावाची ब्रिटिश मालिका झाली, २०१६ ते २०२१, दोनशे भागांची. एका संस्थेच्या दप्तरखान्यात लोकांनी लिहून दिलेले विचित्र अनुभव एक माणूस टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो. सुरुवातीला बटण दाबल्याचा 'टक्' आणि मग टेपची खरखर. बरेच भाग गेल्यावर टेपरेकॉर्डर आपले आपण सुरू व्हायला लागतात आणि त्यातल्या माणसांना प्रश्न पडतो की हे कोण ऐकतंय. मी पलंगावर बसून होते, डोळा बरा झाला होता, मान सरळ होती, खोलीत भरपूर उजेड होता. तरी मी मागे वळून पाहिलं. ऐकणारी मी होते.

छिद्र बुजलं. त्या डोळ्याने सरळ रेष अजून जराशी वाकलेली दिसते, पण वाचता येतं, सगळं करता येतं. ताई तिच्या घरी गेली. अधूनमधून रात्री तिचा फोन येतो, "नवीन काही आहे का?" मग दोघी आपापल्या खोलीत दिवे मालवतो. फोन चालूच ठेवतो, दुसऱ्या यंत्रावर तोच भाग काढून ठेवतो आणि ती मोजते, एक, दोन, तीन. तीनला दोघींनी बटण दाबायचं असं ठरलेलं आहे.

मी जरा थांबून दाबते. तिला हे अजून सांगितलेलं नाही. दोन-तीन सेकंदांनी माझी गोष्ट तिच्या मागे राहते. त्यामुळे माझ्याकडे अजून जिना शांत असतो, दार बंद असतं, बाई अजून खोलीची लांबी मोजत असते, आणि फोनमधून आधी ताईचा श्वास अडकलेला ऐकू येतो.